टायर बदलले आणि डॅशबोर्डवर दिवाळी

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीतली दोन पोरं जानेवारीत मॉन्ट्रिऑलला निघालीत. मी तिथे बारा वर्षं आहे, सध्या सुट्टीवर घरी, त्यामुळे रोज संध्याकाळी जिन्यात कोणीतरी गाठतंच. जॅकेट कुठलं घेऊ, तूरडाळ मिळते का, सगळं विचारून होतं. गाडीच्या टायरचं कोणी विचारत नाही, म्हणून तेच लिहितोय.

मुंबईत आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, सांताक्रूझला, जानेवारी १९६२ मध्ये. तिकडचे टायरवाले नेमका ७ चाच आकडा सांगतात. त्याखाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड जाते. तेव्हा आपल्याला हा विषय माहीत नसतो यात नवल नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, म्हणजे मॉन्ट्रिऑल जिथे आहे तिथे, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर, म्हणजे थंडीतही रबर मऊ राहणारे टायर, कायद्यानेच लागतात. शेजारच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सक्ती नाही, तरी लावा.

बरेच जण विंटर टायर वेगळ्या लोखंडी रिमवर चढवून ठेवतात, म्हणजे दर मोसमात नुसती चाकं बदलायची. आणि मग गाडी सुरू केली की पिवळा दिवा, घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह.

तो कसा पेटतो ते बघा. मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग तसाच राहिला, तर बहुधा गाडीला टायरमधल्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर सापडत नाहीयेत. ते चाकाच्या आत असतात आणि उन्हाळी चाकांबरोबर बेसमेंटमध्ये जाऊन पडलेले असतात. न लुकलुकता पेटला, तर हवा कमी आहे.

दर वेळी पंक्चरच असतं असं नाही. तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की हवा १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरते. गॅरेजच्या उबेत ३३ भरलेली, बाहेर उणे २० असेल तर सकाळी २६-२७ भरते. त्यात थोडी गळती झाली की दिवा लागलाच. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी भरू नका.

काल भाच्याची गाडी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. मी काच खाली करेपर्यंत त्याने मागच्या चाकाला नळी लावली होती, टोपण दातात. तिकडे हे काम आपलं. मशीनला पैसे द्यायचे, हातमोजा काढायचा, आणि टोपण एकदा बर्फात पडलं की पडलं.

पहिल्या हिवाळ्यात मी पैसे वाचवायला सेन्सर नसलेला सेट घेतला. कॅनडात सेन्सरची सक्ती नाही, त्यामुळे कोणी अडवलं नाही. दिवा चार महिने पेटलेलाच. बाबांच्या जुन्या गाडीत इंजिनचा दिवा वर्षानुवर्षं जळायचा, त्यामुळे मला त्याचं काहीच वाटलं नाही. फेब्रुवारीत मागच्या डाव्या चाकात खिळा घुसला, हवा हळूहळू उतरत गेली, आणि गाडीला मला नवीन सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हायवेवर टायर कडेने फाटला तेव्हा कळलं. बाहेर उणे १८ होतं आणि जॅकेट मागच्या सीटवर.

तेव्हा सेन्सर घ्याच. टायर चढवायच्या आधीच दुकानात विचारा, की ते गाडीला ओळखवून देणार का. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपणहून ओळखतात, काहींना यंत्र जोडावं लागतं. काही गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतातच, त्या एबीएसकडून (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाचे फेरे मोजून अंदाज बांधतात. त्यांचं मेनूमधून रिसेट करायचं, पण आधी हवा नीट भरून. नाहीतर गाडी कमी हवेलाच बरोबर समजून बसते.

एबीएसचा किंवा ट्रॅक्शनचा (चाकं जागच्या जागी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर प्रकरण वेगळं. बहुधा चारही टायर एका मापाचे नाहीत, नाहीतर चाक काढताना वायर दुखावली. त्याच दिवशी दुकानात परत जा. सोबत ब्रेकचा लाल दिवा असेल तर गाडी हलवूच नका. आणि चाकं बदलल्यावर साधारण १०० किलोमीटरनंतर त्यांचे नट पुन्हा आवळून घ्या, पावतीवर लिहिलेलं असतं.

पेनाएवढं हवेचं गेज इथूनच घेतलंत तरी चालेल. चेक-इन बॅगेत टाका.