राफ्टचा क्लस्टर चालवताय? एफसिंकला हात लावू नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

परवा ऑफिसात नवीन लागलेला पोरगा खुशीत येऊन म्हणाला, दादा, राईट्स दहापट फास्ट केल्या. मी चहा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, एफसिंक बंद केलास? केला होता. एफसिंक म्हणजे डेटा मेमरीत न ठेवता खरोखर डिस्कवर उतरवून घ्यायचा आदेश. आणि राफ्ट म्हणजे अनेक मशीन्सनी (नोड) मिळून नोंदींची एकच यादी, म्हणजे लॉग, सारखी ठेवायची पद्धत: मतदानाने एक लीडर, बाकीचे फॉलोअर, आणि मेजॉरिटीकडे पोचलेली एन्ट्री पक्की, म्हणजे कमिट.

ही चूक बघून बघून डोळे थकले. फॉलोअर लीडरला "मिळालं" म्हणतो त्याचा अर्थ "डिस्कवर उतरलं", "मेमरीत आहे, बघू मागाहून" असा नाही. टर्म (लीडरच्या कारकिर्दीचा नंबर), मत कोणाला दिलं ते आणि लॉग, तिन्ही गोष्टी उत्तर द्यायच्या आधी डिस्कवर पाहिजेत. दिलेलं मत नोड विसरला तर रिस्टार्टनंतर त्याच टर्ममध्ये दुसऱ्याला मत देईल, की झाले एका टर्मचे दोन लीडर. ईटीसीडीत (राफ्टवरच चालणारा डेटाबेस) एफसिंक बंद करायचा फ्लॅग आहे, त्याच्या नावातच "अनसेफ" लिहिलंय, अजून काय पाटी लावायची?

आमचंच सांगतो. चवथीला चार दिवस होते. गोव्यात पर्वरीच्या ऑफिसात तीन मशीन्स, तिन्ही एकाच यूपीएसवर (तो शहाणपणा माझाच). एका होलसेलवाल्याच्या नारळ, गूळ, फटाके अशा ऑर्डरी त्यावर चालायच्या. सीझनचा लोड वाढला म्हणून आमच्यातल्याच एकाने कोणाला न सांगता एफसिंक बंद केला, आणि दोन दिवस सगळे खुश. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धो धो पावसात लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, तिन्ही मशीन्स एकदम बंद.

आता नीट बघा. शेवटच्या ऑर्डरी लीडर आणि दुसऱ्या नोडपर्यंत पोचल्या होत्या, तिसरा जरा मागे होता. तीनातले दोन म्हणजे मेजॉरिटी, कमिट, दुकानदारांना "ऑर्डर कन्फर्म" मेसेजही गेले. लाईट आल्यावर दुसरा नोड उठला तो त्या ऑर्डरी विसरून, कारण त्याच्याकडे त्या फक्त पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, होत्या. लीडरच्या डिस्कवर नशिबाने उतरल्या होत्या, पण तो फाईलसिस्टम तपासत बसलेला. तोवर बाकी दोघांनी इलेक्शन उरकून नवा लीडर केला आणि कामाला लागले. जुना लीडर वर आल्यावर नव्याने त्याला नियमाप्रमाणे सांगितलं, तुझ्या लॉगचं शेपूट जुळत नाही, काप. त्याने कापलं. सतरा ऑर्डरी गेल्या आणि एरर कुठेच नाही! मेसेजची यादी जुळवताना कळलं, मग रात्रभर एकेका दुकानदाराला फोन आणि शिव्या.

एफसिंक महाग आहे, मान्य. मग एकेका एन्ट्रीला एकेक कशाला, शंभर एन्ट्र्या गोळा करून एकदाच करा. लीडरने आपल्या डिस्कची वाट न बघता फॉलोअर्सना पाठवून द्यावं, दोन्ही कामं बरोबर चालू दे, फक्त आपलं डिस्कवर उतरल्याशिवाय मेजॉरिटीत स्वतःला मोजू नये. डब्ल्यूएएलला, म्हणजे लॉगच्या फाईलला, डिस्क वेगळी द्या. ईटीसीडीवाले एफसिंकचा ९९ पर्सेंटाइल (शंभरातले ९९ एफसिंक) १० मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हणतात, क्लस्टर स्लो आहे अशी तक्रार आली की मी आधी तो आकडा बघतो, कोड नंतर.

दुसरी लाडकी चूक इलेक्शन टाइमआउटची, म्हणजे लीडरची खबर किती वेळ आली नाही की फॉलोअरने नवं इलेक्शन लावायचं त्याची. २०१४ च्या राफ्ट पेपरात १५० ते ३०० मिलिसेकंद दिलेत म्हणून तेच उचलायचे आणि शेअर्ड क्लाउड मशीनवर लावायचे. गार्बेज कलेक्शनने (प्रोग्रॅम थांबवून मेमरी साफ करणं) किंवा डिस्कने जरा उसंत घेतली की फॉलोअर्सना वाटतं लीडर गेला, इलेक्शन, नवा लीडर, त्याच्यावर लोड, परत इलेक्शन. क्लस्टर दिवसभर मतदानच करतो, आमच्या पंचायतीसारखा. ईटीसीडीचा डिफॉल्ट हार्टबीट (लीडरची "मी आहे" ही खूण) १०० आणि टाइमआउट १००० मिलिसेकंद आहे, तिथून सुरू करा आणि राऊंड ट्रिपच्या (मेसेज जाऊन उत्तर यायच्या वेळेच्या) दहापटीच्या खाली जाऊ नका. प्री-व्होट (टर्म वाढवण्याआधी मतं मिळतील का ही चाचपणी) चालू ठेवा, नाहीतर नेटवर्कमधून तुटलेला नोड टर्म वाढवून ठेवतो आणि परत आला की चांगल्या लीडरला खाली ओढतो.

चार नोड लावून काही मिळत नाही, तीनासारखाच एकच मेलेला चालतो. लीडरकडून वाचतोय म्हणजे ताजंच असं समजू नका, तुटलेल्या जुन्या लीडरला आपण पदावरून गेलोय हेच माहीत नसतं, म्हणून रीड इंडेक्स (उत्तर देण्याआधी मेजॉरिटीला विचारून लीडरपदाची खात्री करणं) वापरा. लीझ (ठरावीक वेळ लीडर बदलणार नाही असं धरून न विचारताच वाचणं) फास्ट असते, पण तुमच्या घड्याळांवर तुमचा भरवसा असेल तरच. जुन्या टर्मची एन्ट्री नुसती मेजॉरिटी मोजून कमिट धरू नका, नव्या लीडरने आधी आपल्या टर्मची एक रिकामी एन्ट्री कमिट करावी. एकेक नोड वाढवण्या-काढण्याच्या पद्धतीत २०१५ मध्ये बग सापडला, त्यावरही इलाज तोच.

आणि टेस्ट म्हणून किल मायनस नाईनने प्रोसेस जबरदस्तीने मारून "दादा, डेटा शाबूत आहे" असं सांगत येऊ नका. प्रोसेस मेली तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) जिवंत असतो, पेज कॅश तो आरामात डिस्कवर लिहितो. मी लोड चालू ठेवून प्लगच उपटतो, आधी एकाचा, मग तिन्हींचा.