बोलिंगचा चेंडू निवडताना आधी भोके तपासावीत

मुंबईतल्या मॉलमधील बोलिंग अ‍ॅलीत, म्हणजे जड चेंडू घरंगळवून पिना पाडण्याच्या खेळाच्या जागी, आपण अंगठा व दोन बोटांसाठी भोके असलेला चेंडू बहुधा रंग किंवा वजन पाहून उचलतो, आणि मग तो अंगठ्यात अडकून उशिरा सुटतो व लेनवर, म्हणजे चेंडू घरंगळण्याच्या पट्टीवर, धाडकन आदळतो.

प्रथम अंगठा मुळापर्यंत आत घालून फिरवून पाहावा. भोकाची कड कातडीला हलकी लागावी, पण अंगठा ओढावा न लागता बाहेर यावा. भोक सैल असेल तर चेंडू पडू नये म्हणून आपण नकळत पकड आवळतो आणि अंगठा बोटांच्या आधी सहज निघत नाही. माझ्या मते घट्ट भोकापेक्षा हे अधिक फसवे. मग अंगठा आतच ठेवून मधले बोट व अनामिका त्यांच्या भोकांवरून सरळ पसरावीत. दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या अंगठ्याकडील कडेच्या सुमारे पाव इंच पुढे पडली, तर अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधले अंतर योग्य समजावे. वजन त्यानंतर पाहावे.

पावसाळ्यात लोकलमधून घामेजून आल्यावर फुगलेली बोटे एसीत थोडी आकसतात, म्हणून दुसऱ्या गेमपूर्वी अंगठा पुन्हा तपासावा.

टाकून झाल्यावर यंत्रातून परत आलेला चेंडू मात्र भोकांत बोटे घालून उचलू नये. मागून येणाऱ्या चेंडूंपासून हात दूर ठेवून तो दोन्ही तळहातांनी बाजूंनी उचलावा.