मेटाबोअ‍ॅनालिस्टचा टॅब बंद करण्याआधी

नमुन्यांतली लहान संयुगं मोजून आलेल्या आकड्यांचं विश्लेषण ब्राउझरमध्येच करून देणारं मेटाबोअ‍ॅनालिस्ट हे साधन मी वापरते. मागच्या खेपेला भाताच्या पानांवरचा पेपर परत आला तो एका ओळीच्या शेऱ्यासाठी: फिल्टरिंग (बिनकामाची संयुगं गाळणं) आणि नॉर्मलायझेशन (आकडे तुलनेजोगे करणं) यांचे नेमके कोणते पर्याय निवडले ते लिहा. मला आठवेना. हाती होत्या फक्त आकृत्या, ३०० डीपीआयच्या, देखण्या. विश्लेषण केलं तेव्हा मेटाबोअ‍ॅनालिस्टची ५.० आवृत्ती होती, शेरा आला तोवर ६.० आलेली. तीच शीट पुन्हा चढवली तर महत्त्वाच्या संयुगांची यादी वेगळीच. फरक आवृत्तीचा की माझ्या पर्यायांचा, ते कळायला मार्ग नाही. तीन आठवडे अंदाजाने बटणं दाबत बसले होते.

म्हणून पहिली गोष्ट, जी खरं तर शेवटच्या पानावर येते: डाउनलोडच्या पानावरची आर हिस्टरीची फाइल उतरवून घ्या. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण त्यात आर या प्रोग्रामिंग भाषेच्या एकेका ओळीत लिहिलेलं असतं आणि मेटाबोअ‍ॅनालिस्टआर हे पॅकेज घेऊन ते आपल्या संगणकावर पुन्हा चालवता येतं. लॉगिन लागत नाही ही सोय वाटते, पण टॅब बंद झाला की तुमची बैठक गेली.

आता शीट. सीएसव्ही, पहिल्या रकान्यात नमुन्यांची नावं, दुसऱ्यात गट, पुढे संयुगं. नावं एकदाच यावीत. अल्फा-बीटाची ग्रीक अक्षरं काढून टाका, नाहीतर फाइल चढतच नाही आणि तुम्ही नेटला शिव्या घालत बसता. जिथे मोजमाप मिळालं नाही ती चौकट रिकामी ठेवा किंवा एनए लिहा. 'सापडलं नाही' असला मजकूर नको. शून्यही जपून, कारण शून्याला हे साधन मोजमाप नसल्यासारखंच वागवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा जागी त्या संयुगाच्या सर्वात लहान धन आकड्याचा पाचवा भाग भरला जातो. शंभरात चार-पाच जागा असतील तर चालून जातं. अर्धा रकाना असा भरला गेला तर तुम्ही भाताची पानं मोजत नसून सॉफ्टवेअरने भरलेले आकडे मोजताय.

क्यूसी नमुन्यांना (यंत्राची स्थिरता तपासायला मध्ये मध्ये चालवलेला तोच तो नमुना) वेगळा गट द्या. पीसीएत (गटांची नावं न बघता नमुने किती सारखे ते दाखवणारं चित्र) ते एका झुबक्यात बसले पाहिजेत. विखुरले असतील तर यंत्र चालता चालता घसरलंय, पुढे जाऊच नका. ठीक बसले की मग गटांची तुलना करताना त्यांना वगळा.

नॉर्मलायझेशनच्या पानावर तीन वेगळे निर्णय असतात: नमुना (नमुन्यानमुन्यातला फरक भागून काढणं), लॉग, स्केलिंग (सगळी संयुगं एका मापात आणणं). तिन्ही वहीत लिहा. आकड्यांना भाताच्या पानांच्या वजनाने आधीच भागलं असेल तर इथे पुन्हा भागू नका. लॉग आधीच घेतला असेल तर पुन्हा घेऊ नका. (आमच्याकडे एकाने घेतला होता. सगळं इतकं सपाट झालं की काहीच वेगळं निघेना.) आणि हो, वही हरवते. आर हिस्टरी उतरवा.

पीएलएस-डीएच्या (गटांची नावं सांगून त्यांना वेगळं काढणारी पद्धत) चित्रावर भाळू नका. बारा नमुने आणि आठशे संयुगं दिली तर गटांची नावं चिठ्ठ्या टाकून वाटली तरी ते दोन गोळे वेगळे काढून दाखवतं. आधी पीसीए, मग क्रॉस-व्हॅलिडेशनचा क्यू२ (बाजूला ठेवलेल्या नमुन्यांचा अंदाज किती बरोबर येतो ते), मग परम्युटेशन चाचणी (गटांची नावं पुन्हा पुन्हा पिसून तुलना). ती चाचणी नापास झाली तर ते चित्र सरांना दाखवूच नका, त्यांना ते आवडेल आणि मग पेपरमधून काढता येणार नाही.

पाथवेच्या (पेशीतल्या रासायनिक क्रियांच्या साखळ्या) पानावर जीव निवडायचा असतो, म्हणजे भात, माणूस वगैरे. भातावर काम करून मानवाची लायब्ररी तशीच राहू देणारे लोक मी पाहिलेत. नावं जुळवण्याचा तक्ता ओळीओळीने डोळ्यांखालून घाला, लिपिडं (मेदासारखी संयुगं) हटकून चुकतात. नुसत्या वस्तुमानावर ल्युसिन आणि आयसोल्युसिन वेगळे सांगता येत नाहीत, तेव्हा छातीठोक नाव लिहू नका. पार्श्वभूमी म्हणून तुमच्या यंत्राला दिसू शकणाऱ्या संयुगांचीच यादी द्या. ती दिली नाही तर अमिनो आम्लं मोजणाऱ्याला अमिनो आम्लांचेच पाथवे 'महत्त्वाचे' सापडतात, आणि नवल वाटतं.

ममीचॉग (संयुगांची नावं न ठरवता थेट वस्तुमानांवरून पाथवे शोधणारी पद्धत) वापरत असाल तर आयन मोड (धन की ऋण) आणि पीपीएम (वस्तुमानात किती चूक चालेल ते) तपासा. पी-व्हॅल्यू एफडीआरवाली घ्या (अनेक चाचण्यांमुळे येणारे खोटे निकाल धरून सुधारलेली). आकृत्या नेहमीप्रमाणे उतरवून घ्या. यंत्रातून आलेल्या रॉ फाइली मेटाबोलाइट्स (MetaboLights) किंवा मेटाबोलॉमिक्स वर्कबेंच या सार्वजनिक संग्रहांवर टाका, अ‍ॅक्सेशन नंबर (संग्रहातला नोंदणी क्रमांक) मिळायला वेळ लागतो, आधीच सुरू करा. आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहा. सगळ्या निकालांची झिप फाइल घेतलीत? उघडून पाहिलीत? आर हिस्टरी त्यात आहे का? बघा. मग करा टॅब बंद.