लठ्ठपणाची कारणे आणि धोरणे यांविषयीचे लोकमत कसे विचारावे

लठ्ठपणा कशामुळे येतो असे लोकांना वाटते आणि त्यावरील सरकारी उपाय त्यांना मान्य आहेत का, हे सर्वेक्षणातून जाणून घ्यायचे असल्यास ‘याला व्यक्ती जबाबदार की परिस्थिती?’ हा प्रश्न मुळात विचारूच नये. अनेक माणसे दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानतात आणि एकच पर्याय निवडण्याची सक्ती केली की नसलेला दुभंग आकडेवारीत उमटतो. अतिखाणे, व्यायामाचा अभाव, अनुवंश, जाहिराती, गोड पदार्थांची सहज उपलब्धता अशी कारणे सुटी मांडून प्रत्येकाचे महत्त्व १ ते ५ या श्रेणीत विचारावे.

यात ‘अनुवंश’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. ‘आमच्या घरातच आहे’ असे सांगणाऱ्याला जनुके अभिप्रेत असतात की एकाच स्वयंपाकघरातले जेवण, हे उत्तरावरून कळत नाही. म्हणून ‘आईवडिलांकडून जन्मतःच आलेली शरीराची ठेवण’ असे लिहावे आणि मुख्य सर्वेक्षणापूर्वी दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवून त्यांना तो कसा समजला, हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे.

दोष कोणाचा आणि उपाय कोणी करायचा, हेही वेगवेगळे विचारावे. खाणाऱ्यालाच दोष देणारा माणूस मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंदी मागू शकतो.

धोरणांचे प्रश्न मोघम नसावेत. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला, चिलीने २०१६ पासून वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले, तर ब्रिटनमध्ये २०१८ साली सुरू झालेली आकारणी पेयातील साखरेच्या प्रमाणावर ठरत असल्याने साखर घटवून ती टाळण्याची वाट उत्पादकाला मोकळी राहिली. या तिन्हींचा भार वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. त्यांना ‘कडक उपाय’ अशा एकाच नावाखाली कोंबल्यास पाठिंबा नेमका कशाला मिळाला, हे कधीच उलगडत नाही. कराचा पैसा कशावर खर्च होणार, याचा उल्लेखही उत्तर बदलू शकतो, त्यामुळे तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्याच प्रश्नावलींत ठेवून फरक पाहावा.

प्रश्नांचा क्रमही असाच चिठ्ठ्या टाकून वाटावा: निम्म्यांना आधी कारणे, उरलेल्यांना आधी धोरणे.

निष्कर्ष लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा. परिस्थितीला दोष देणारे लोक कराच्या बाजूने दिसले, तरी समजुतीतूनच पाठिंबा निर्माण झाला असे ठरत नाही. मुळात कर नको असलेला माणूस ‘इच्छाशक्तीचा अभाव’ हे कारण सोयीने उचलत असू शकतो. म्हणून सरकारी हस्तक्षेपाविषयीचे सर्वसाधारण मत वेगळ्या प्रश्नाने नोंदवून घ्यावे आणि विश्लेषणात ते विचारात घ्यावे.