प्लंबिंग शिकताय? मग या चुका टाळा

रावेर-यावलकडची पोरं शिकायला आली की पहिल्याच आठवड्यात सांगतात, "सर, पाईप जोडणं तर आम्हाला येतंच." खोटं नसतं ते. केळीच्या बागेत वाढलेल्या पोराने शाळेत असतानाच पीव्हीसीची लाईन ओढलेली असते. पाईपचं टोक शेकोटीवर फिरवायचं, मऊ पडलं की दुसऱ्या पाईपवर चढवून बेल, म्हणजे रुंद तोंड, करायची, सोल्युशन फासायचं, लाकडाचा ठोकळा लावून हातोडी मारायची. झालं. सांधा थोडा पाझरला तरी पाणी केळीच्याच बुडाशी जातं, कुणाचं काही बिघडत नाही. घरात मात्र तोच पाझर टाइल्सच्या मागे उतरतो. ही सवय सुटली नाही तर आयटीआयचं अख्खं वर्ष वाया गेलं असं मी समजतो.

सुरुवात सोल्युशनपासून. ते गोंद नाही. ते पाईपचा आणि फिटिंगचा (पाईप जोडायच्या तुकड्याचा) प्लास्टिकचा थर विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून सीपीव्हीसीला, म्हणजे घरातल्या गरम-गार पाण्याच्या प्लास्टिक पाईपला, सीपीव्हीसीचंच सोल्युशन लागतं. शेतातला उरलेला डबा चालत नाही. फिटिंगचं तोंड आत किंचित निमुळतं असतं, त्यामुळे बसवलेला पाईप हळूच मागे सरकतो. पाव फेरा देऊन बसवायचा आणि तीस सेकंद दाबून धरायचा, तो यासाठी. पोरं पाच सेकंदांत हात काढून पुढच्या सांध्याकडे पळतात. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, पाईप गच्चीवर उन्हात पडलेला, हात लावला तर चटका बसतो. अशा पाईपवर फासलेलं सोल्युशन आत जायच्या आधीच सुकतं.

पाचोऱ्याकडच्या एका घराचं काम माझ्याकडे शिकून गेलेल्या पोराने घेतलं होतं. हुशार पोरगा, हात चालू. भर दुपारी स्वयंपाकघराची लाईन जोडली, भिंतीतली पाईपची झिरी बुजवली, दोन दिवसांत टाइल्स लागल्या. मी विचारलं, टेस्ट घेतली का? म्हणाला, "सर, टाकी भरून रात्रभर ठेवली, थेंब नाही." वर्ष निघालं. पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येणार म्हणून घरमालकाने वरच्या बाथरूमला धार चांगली यावी यासाठी प्रेशर पंप बसवला. दुसऱ्या रात्री ओट्यामागचा एल्बो, म्हणजे पाईप वळवणारा कोपऱ्याचा तुकडा, सुटला. सकाळी घरात घोटाभर पाणी आणि धान्याची कोठी खालून भिजलेली. लेकी आल्या तेव्हा ओट्याची भिंत फोडलेली होती आणि चूल अंगणात.

तो एल्बो मी मागून घेतला आणि हेक्सॉने उभा चिरला. पाईप तोंडात जेमतेम निम्मा गेलेला. त्याच्या कडेवर सुकलेल्या सोल्युशनचे दाणे, आणि उरलेल्या निम्म्या जागेत फिटिंगचा मूळ गुळगुळीत थर तसाच चकाकत होता. विरघळलंच नव्हतं काही. वर्षभर तो सांधा नुसत्या घट्टपणावर टिकून होता. ती चिरलेली फाक अजून माझ्या पेटीत आहे. दर बॅचला हातोहात फिरवतो.

टाकी भरून ठेवणं ही टेस्ट का नाही, ते नीट समजून घ्या. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब. एकमजली घराची टाकी नळापासून चार-पाच मीटर वर, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. एवढ्या दाबाला खोटा सांधाही धरतो. प्रेशर पंप लागला की तिथे दोन-अडीच किलो येतात. लाईनमध्ये दाब चढवायच्या हँडपंपाने टेस्ट घ्या, त्याला पर्याय नाही. माझी सवय अशी: सोल्युशनला चोवीस तास द्यायचे, सगळी तोंडं प्लगने बंद करायची, सर्वांत वरचं तोंड शेवटी बंद करून हवा पूर्ण काढायची, सहा किलोपर्यंत दाब न्यायचा आणि पंपाच्या गेजचा काटा कुठे आहे तिथे मार्करने रेघ मारायची. रात्रभर ठेवायचं. सकाळी मालकाला आणि टाइल्सवाल्याला, दोघांनाही काटा दाखवायचा. "सर, आठ दिवसांनी पाणी येतं, टेस्टला कुठून आणू?" हे कारण मी ऐकून घेत नाही. पाऊण इंची पाईपच्या एका मीटरमध्ये पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं. चाळीस मीटर लाईनला एक बादली पुरते.

आणि पाईप गच्चीवर टाकू नका. सावलीत ठेवा, सांधे सकाळी नवाच्या आत उरका. सोल्युशनशिवाय पाईप आधी बसवून पाहा, कुठवर जातो तिथे पेन्सिलची खूण करा. सोल्युशन लावल्यावर पाईप त्या खुणेच्या पुढे आत जायला हवा; खूण दिसत राहिली तर सांधा कापून नवीन करा. एल्बो काही रुपयांचा आहे.

दुसरी चूक मापाची. दोन एल्बोंमध्ये सेंटर टू सेंटर चोवीस इंच हवं असलं की पोरगं चोवीस इंच पाईप कापतं. मग टोक भिंतीबाहेर येतं आणि झिरी वाढवायला छिन्नी निघते. एल्बोचं सेंटर आणि पाईप जिथवर आत जातो ती जागा, यातलं अंतर दोन्हीकडून वजा करा. प्रत्येक कंपनीचं फिटिंग सारखं नसतं, म्हणून मी ते पाठ करायला सांगत नाही. फिटिंग हातात घेऊन सुतात मोजायला लावतो. उद्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी पाईपफिटर म्हणून उभं राहायचं असेल तर ड्रॉइंगवर मापं सेंटरचीच मिळतात. तिथे लोखंडी पाईप असतो, ओढून-ताणून बसवता येत नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपला आटे पाडताना डाय (आटे कापायचं हत्यार) सलग फिरवू नका. एक फेरा पुढे, अर्धा मागे, आणि तेल सोडत राहा. कापल्यावर आतली धार रीमरने काढा.

टेफलॉन टेप आट्याच्या दिशेनेच गुंडाळा.

आटे घट्ट करताना पाने दोन लागतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर मागचा सांधा ढिला होतो.

चार इंची ड्रेनेज लाईनला दहा फुटाला तीन इंच उतार द्या. नजरेने नको. पाणी भरलेली लेव्हलची नळी लावा, मिस्त्री हसला तरी.

पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवरचा बाण पाहिल्याशिवाय तो बसवू नका.

बोअरच्या जड पाण्याने गीझरमध्ये खार धरतो, तो कधीतरी काढावाच लागतो. म्हणून गीझरच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाईप न कापता खोलता येणारा जोड, हवंच. ते वाचवणारा प्लंबर पुढच्या माणसाला पाईप कापायला लावतो.

दोन महिने झाले की पोरांना स्वतःचं काम घ्यायची घाई होते. सुरतला गेलेला चुलतभाऊ फोनवर रोजाचा आकडा सांगतो, आणि इथे करवत धरणं नकोसं होतं. परवा एकाने वर्ग सोडायचं बोलून दाखवलं तेव्हा मी त्याच्याच बोलीत विचारलं, "इतली घाई कसाले रे भो?" तो खाली पाहत राहिला. त्याच्या हातात पेटीतली ती एल्बोची फाक दिली आणि पाईप कुठवर गेला होता ते पट्टीने मोजायला सांगितलं. त्याने तीनदा मोजलं. संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर तो एकटा थांबून पेन्सिलने पाईपांवर खुणा करत बसला होता.