आयर्लंडला नवीन आलात? मग राष्ट्राध्यक्षांची निवडणूक समजून घ्या

डब्लिनला नवीन आलेली मंडळी निवडणुकीच्या दिवसांत हमखास विचारतात, खांबाखांबावर हे फोटो कोणाचे आणि आपल्याला मत देता येतं का? राष्ट्राध्यक्षांसाठी नाही, ते मत फक्त आयरिश नागरिकांचं, तुमच्याकडे इथे राहायच्या परवान्याचा स्टॅम्प 1 असो की स्टॅम्प 4. पण म्हणून विषय सोडून देऊ नका.

आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, इथे थेट जनता निवडते, दर 7 वर्षांनी, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनदा. कारभार पंतप्रधान म्हणजे टीशक बघतात, पण एखादा कायदा घटनेत बसत नाही असं वाटलं तर राष्ट्राध्यक्ष तो सुप्रीम कोर्टाकडे पाठवू शकतात, त्यामुळे पद नुसतं शोभेचं आहे असं मला अजिबात वाटत नाही.

मतदानाला मशीन नाही, कागद आणि पेन्सिल. नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर लगेच कळेल, पहिल्या पसंतीची मतं वगैरे तेच. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नसली तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटतात. 1990 ला ब्रायन लेनिहान पहिल्या मोजणीत 44 टक्के घेऊन पुढे होते, मेरी रॉबिन्सन 39 च्या आसपास, मग तिसरे ऑस्टिन करी बाद झाले, त्यांची बहुतेक मतं रॉबिन्सनना गेली आणि देशाला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली! 2025 ला मात्र कॅथरीन कॉनली पहिल्याच मोजणीत 63 टक्के घेऊन निवडून आल्या.

आता आपल्या कामाचं. उमेदवाराला उभं राहायला संसदेच्या 20 सदस्यांचा नाहीतर 4 काउंटी किंवा सिटी कौन्सिलांचा पाठिंबा लागतो, आणि त्या कौन्सिलांचे नगरसेवक निवडायला नागरिकत्व लागतच नाही, इथे राहणाऱ्या 18 वर्षांवरच्या कोणालाही मत आहे. म्हणजे आपण निवडलेला नगरसेवक राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना हात वर करतो. पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठी लागणारा तुमचा ओळख क्रमांक) आणि एअरकोड (घराचा पोस्टल कोड) हाताशी ठेवा, मतदार यादीत नाव ऑनलाइन घालता येतं, आणि घर बदललं की पत्ताही बदला, भाड्याच्या घरात राहणारे आपले लोक नेमकं तेच विसरतात.