वणव्याच्या मेसेजची वाट पाहू नका: फेब्रुवारी ते मे, डोंगराकडेच्या बागायतदारांसाठी

शिमगा जवळ आला की सड्यावरचं, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावरचं, गवत करकरीत वाळतं. आंब्याला कैरी धरलेली असते, काजूची बी पडायला लागलेली असते, आणि नेमके याच दिवसांत डोंगर लागतात, म्हणजे वणव्याने पेटतात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि घाटावर पाटण, शाहूवाडीकडेही पहिला पाऊस पडेपर्यंत हा घोर असतो. बाग कशी वाचवायची यावर आपण तासन् तास बोलतो. माणसं आणि गुरं वेळेत बाहेर कशी काढायची, हे मात्र आयत्या वेळेवर सोडून देतो. म्हणून यंदा त्याबद्दलच लिहितो.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगी टिपते आणि नाव नोंदवलेल्यांना मोबाइलवर मेसेज पाठवते. आपला भाग निवडून ही नोंदणी कुणालाही करता येते. जरूर करा, पण त्या मेसेजच्या भरवशावर बसू नका. हे काम ज्या उपग्रहांवर मुख्यत्वे चालतं, ते आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दुपारी तीनला पेटलेला डोंगर त्यांना मध्यरात्रीनंतर दिसणार. शिवाय त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे 375 मीटर लांब-रुंद तुकडा. बांधावर नुकती लागलेली आग त्यात सुटू शकते. वनखात्याला आग कुठे आहे ते कळावं म्हणून ही सोय आहे. तुम्ही घराबाहेर कधी पडायचं, ते ती सांगत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप मराठीतही इशारे देतं, तेही फोनमध्ये असू द्या. 2023 साली सगळ्यांचे मोबाइल एकदम भोंग्यासारखे वाजले होते, ती अशाच इशाऱ्याची चाचणी होती. तेव्हा दचकून कुणी सेटिंगमधून आपत्कालीन सूचना बंद केल्या असतील, तर परत चालू करा.

राहिला गावचा व्हॉट्सॲप ग्रुप. दोन वर्षांमागे आमच्या वरच्या अंगाला वणवा आला, तेव्हा ग्रुपवर मेसेज दुपारी साडेबाराला पडला होता. बागेत रेंज नाही आणि फोन घरात चार्जिंगला. मी तो वाचला पाच वाजता. तोवर कुंपणाच्या चिव्याच्या काठ्या जळून गेल्या होत्या आणि मेसेजखाली सात जणांनी अंगठा उठवून ठेवला होता. तेव्हापासून आमच्या वाडीत धूर दिसला की देवळाची घंटा वाजते आणि एक पोरगा मोटारसायकलवरून रेंज नसलेल्या बागांत जातो. कुठला पोरगा, हे शिमग्याआधीच ठरलेलं असतं.

ऑस्ट्रेलियात वणव्याच्या इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली नुसती माहितीची, दुसरी लक्ष ठेवून हालचाल सुरू करण्याची, तिसरी जीव वाचवण्याची. आपल्याकडे सरकारी पायऱ्यांची वाट पाहायची गरज नाही, खुणा आपल्या डोंगरात आहेतच. उदाहरणार्थ, वरच्या सड्यावर धूर दिसला की दावणीची गुरं सोडायची आणि म्हाताऱ्यांना, पोरांना रस्त्याला आणायचं. पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडच्या काठाला जाळ आला की सगळ्यांनी निघायचं. बागेत कितीही काम असो, त्यानंतर कुणी आत थांबायचं नाही. तुमच्याकडे पऱ्या नसेल तर पाणंद धरा, गडगा (दगडी कुंपण) धरा. मात्र खूण अशी हवी की तिथून आग घरापर्यंत यायला निदान तासभर लागेल. हा तास मोजताना चढ विसरू नका. उतार दहा अंशांनी वाढला की चढणीवर आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वीसहून जास्त गिर्यारोहक वणव्यात सापडून गेले. डोंगरउतारावर गवत पेटलं की पळायला किती थोडा वेळ मिळतो, ते तिथे दिसलं.

वाऱ्याचंही तसंच. किनारपट्टीला पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट फिरतो. सकाळी समुद्राच्या बाजूला सरकणारा वणवा दुपारनंतर पुन्हा डोंगराकडे वळतो. “आग लांब गेली” असं सकाळी दहाला म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. राब भाजताना (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना) आणि पालापाचोळा पेटवतानाही हीच चूक होते. कितीतरी वणवे आपल्याच बांधावरून सुरू होतात, हे कडू असलं तरी खरं आहे. राब भाजायचाच असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून आणि पाण्याचं पिंप जवळ ठेवून भाजा. राखीव जंगलात आग लावणं किंवा आपली आग तिथे जाऊ देणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.

आता ज्यांना कुणी धरतच नाही, त्यांच्याबद्दल. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, गवताने शाकारलेल्या खोपीत, बऱ्याचदा बागेच्या अगदी वरच्या टोकाला. त्यांचं नाव गावच्या ग्रुपमध्ये नसतं, आणि मराठी मेसेज आला तरी तो त्यांना वाचता येईलच असं नाही. मालक रत्नागिरीत किंवा मुंबईत. राखणदार आला त्या दिवशीच त्याला बाहेर पडायच्या दोन वाटा चालून दाखवा, त्याचा नंबर पोलीस पाटलांना द्या आणि पाटलांचा त्याला. खोपीभोवती निदान वीस फूट जमीन गवत काढून मोकळी करा. चुलीतली राख पाणी मारल्याशिवाय बाहेर टाकायची नाही, हेही सांगून ठेवा.

जनावरांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोठ्याचं दार लावून घेणं. दावं सोडा, सुटत नसेल तर कापा. त्यासाठी कोयता गोठ्याच्या दारात खुंटीला लावलेला असू दे. नायलॉनची वेसण आणि दावी उन्हाळ्यापुरती काढून सुती किंवा अंबाडीची घाला, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. गुरं न्यायची कुठे, तेही आधी ठरवा. उघडा कातळ, नांगरलेलं शेत किंवा नदीचं पात्र चालेल. वैरणीची उडवी गोठ्याला टेकून रचली असेल तर आत्ताच हलवा. आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी खूर आणि सड नीट पाहा, भाजल्याचं तिथे उशिरा कळतं. धूर खाल्लेल्या बैलाला काही आठवडे कामाला जुंपू नका. खोकला थांबत नसेल तर 1962 वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

निघताना अंगावर सुती कपडे, पायात बूट, नाकाला ओला पंचा. नायलॉनची साडी आणि टेरिकॉटची पँट नको. चढावर पळू नका, आगीच्या बगलेने खाली उतरा. वाट बंदच झाली तर जळून काळ्या पडलेल्या, जाळ नसलेल्या जागेत जा, तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं. सातबारा, आधार, पासबुक आणि रोजच्या गोळ्या यांची पिशवी दाराशी टांगलेली असावी. वनखात्याचा 1926, आणीबाणीचा 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा. फोन हरवला तरी दार जागेवर असतं. फोन करताना नुसतं “डोंगर लागलाय” म्हणू नका. वाडीचं नाव, जवळची खूण आणि वारा कुठल्या दिशेचा आहे तेही सांगा.

जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला बागेभोवती गवत काढून मोकळा केलेला पट्टा, अजून काढला नसेल तर या आठवड्यात काढा. खालच्या अंगाला, जिथून आग चढून येईल, तिथे वीस-पंचवीस फूट, बाकी बाजूंना दहा-पंधरा. आंब्या-काजूच्या बुंध्याला पाल्याचं आच्छादन आपणच सुचवतो, ते चांगलंच आहे, पण कडेच्या दोन ओळींतलं पावसापर्यंत मागे ओढून ठेवा.

हवामानावर आधारलेला फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा यांच्या आकड्यांवर चालतो, त्यात वणव्याची भरपाई धरून चालू नका. पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायक येईपर्यंत जळालेली झाडं हलवू नका, तारखेसह फोटो काढा. होरपळलेलं कलम तोडायचीही घाई नको. खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, शक्य असेल तर पाणी द्या, पावसाळ्यात फुटवा येतो का पाहा.

परत येताना जुन्या झाडांच्या पोकळ्या आणि तोडलेले बुंधे तपासा. वरून राख थंड असते, आत लाकूड दोन-दोन दिवस धुमसतं. तळहात टेकवू नका, पालथा हात वीतभर लांब धरून ऊब लागते का पाहा, आणि लागली तर कुदळीने फोडून पाणी ओता.